दुसरी

५ फेब्रुवारी, सोमवार

देवाचा आशिर्वाद असो.

वाचा-उपचाराच्या मॅडमनी सांगितलं म्हणून हे फोनमध्ये लिहायला घेतलं. "काकू, काकांनी दिवसभरात काय म्हणायचा प्रयत्न केला ते रोज दोन ओळी लिहा, आणि शनिवारी मला पाठवा." मी म्हटलं, वहीत लिहीन, मला सवय आहे. तर म्हणाल्या, तुमची वही मला इथून कशी दिसणार? खरंच आहे. त्या कॉम्प्युटरवर, आम्ही फोनवर. पाठवायच्या दोन ओळी वेगळ्या काढीन. उरलेलं माझं मला.

चार महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. पाय थोडा परतला, वाचा नाही. छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासली ह्यांनी. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर आमचा संसार चालला. घरातसुद्धा माझी सामानाची यादी हातात पडली की लाल पेन्सिलीने खुणा करत. तोंडातून चकार शब्द नाही, फक्त खुणा. मी मॅट्रिक, तीही शुद्धलेखनात काठावर. दुकानदाराला कळल्याशी कारण, असं मी म्हणे. आता ती पेन्सिलही धरवत नाही.

लेकीने तिच्या गावी एका निवासी केंद्रात ह्यांच्यासाठी जागा बघून ठेवली आहे. महिनाअखेर हो-नाही कळवायचं. म्हणाली, "आई, तोवर एकही शब्द आला नाही तर तू एकटी कुठवर ओढणार? बाबा तिकडे, तू माझ्याकडे. दर रविवारी भेटायला जाऊ." मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

आज बोलले: काही नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडम म्हणाल्या, "काकू, मी स्क्रीन शेअर करते." मला वाटलं, वाटून घ्यायची म्हणजे अर्धा फोन त्यांचा, अर्धा आमचा. तसं नसतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर जे उघडलेलं, ते जसंच्या तसं आमच्या फोनवर येतं. चित्रांची कार्डं आली. कप, कंगवा, किल्ली. फोन तळहाताएवढा, त्यात ह्यांना उजव्या बाजूचं नीट दिसत नाही. कंगव्याचे अर्धे दातच दिसले असतील. मान फिरवली.

मॅडम म्हणतात, तुमचा फोन टीव्हीवर दाखवता येईल. फोनवर जे दिसतं ते सगळं टीव्हीवर मोठं दिसेल.

८ फेब्रुवारी, गुरुवार

काल आणि आज दोन्ही दिवस त्या टीव्हीत गेले. फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत, ते होते. मग फोनमध्ये टीव्हीचं नाव शोधायचं. दोन नावं आली, सारखीच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. वरचं दाबलं. फोन म्हणतो जोडलं, आमचा टीव्ही ढिम्म. मॅडम म्हणाल्या बंद करून चालू करा. केलं. फोन बंद करून चालू करा. केलं. ह्यांना बंद करून चालू करायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई खाली आली, गळ्यात टेप तसाच.

"वहिनी, आमच्या टीव्हीवर मघापासून एक बाई येऊन विचारतेय, 'सांगा काका, हा काय?' आमचे हे दोनदा कंगवा म्हणाले तरी तिचं समाधान नाही!"

मी चार दिवसांत पहिल्यांदा हसले. ती म्हणाली, आमचं वाय-फाय तुम्ही वापरा असं मीच म्हटलं होतं, आता भोगा. मग खालचं नाव दाबून दिलं तिने. टीव्हीने विचारलं, परवानगी द्यायची का? रिमोटने हो म्हटलं, आणि आला कंगवा, हातभर लांब.

ह्यांनी बघितला. बोलले: काही नाही. पण बघितला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तास नीट झाला. तास संपला की लाल बटण दाबायचं, मॅडम जातात. मग मी फोन मिटते, टीव्ही काळा पडतो. मॅडमनी बजावलं आहे, टीव्ही रिमोटने बंद करू नका, पुन्हा जोडण्यात अर्धा तास जाईल आणि चारचा सराव बुडेल. विजेच्या बिलाचं मनात आलं. पण काळा पडदा तो किती वीज खाणार? राहू दे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

देवाचा आशिर्वाद असो.

दुपारी दोन ते तीन एवढा वेळ माझा. ह्यांना दिवसा झोपू द्यायचं नाही, म्हणून समोरच्या खोलीत टीव्हीपुढच्या खुर्चीत बसवते आणि मी इथे स्वयंपाकघरात येते. आधी या वेळात माळ ओढत असे. आता माळ हातात घेतली की डोळा लागतो. लिहिताना निदान जागी राहते.

मॅडमसाठी दोन ओळी: सकाळी ओठ हलले. आवाज नाही.

माझ्यासाठी: चार महिन्यांत मी गरम चहा प्यायलेला आठवत नाही. त्यांना कपभर पाजून होईतो माझ्या चहावर साय धरते. एवढ्याशा गोष्टीचं मनाला लावून घेऊ नये. पण आज साय बघून रडू आलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

काल-आज नवाच हट्ट. चहाचा कप तोंडाशी नेला तर डाव्या हाताने ढकलला. पुन्हा नेला, पुन्हा ढकलला. माझ्या कपाकडे बोट. मला वाटलं माझा हवा. दिला, तर तोही माझ्याकडे सरकवला. शेवटी चिडून म्हटलं, "मग मीच पिते!" आणि उभ्या उभ्या प्यायले. तेव्हा कुठे मुकाट्याने स्वतःचा घेतला. लहान मूल परवडलं.

खुर्चीतून उठवताना कंबरेत कळ आली. ह्यांचं वजन काही कमी होत नाही, माझं होतं आहे. सगळा भार माझ्यावर टाकून देतात. डावा पाय, डावा हात आहे की धड. पण सांगून काय उपयोग? किती कळतं तेच कळत नाही.

लिहिताना फोन गरम होतो. वर कोपऱ्यात एक छोटी निळी खूणही असते. शिंपीणबाईला विचारलं, तर कापडावरची नजर न काढता म्हणाली, "जुना झाला असेल." झाला असेल. मीही झाले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

देवाने ऐकलं! आज उठवायला हात पुढे केला तर ह्यांनी तो बाजूला सारला, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला आणि थरथरत का होईना, स्वतः उठले. घामाघूम झाले. मी म्हटलं, "अहो, कुणी सांगितलं होतं?" माझ्याकडे बघत राहिले. मी कुणापाशी बोलले नव्हते, लेकीपाशीसुद्धा नाही. देवाचा आशिर्वाद, दुसरं काय.

मॅडमना कळवलं. म्हणाल्या, छान. पण शब्द?

शब्द नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज चित्रांऐवजी अक्षरांची कार्डं. मॅडमनी टीव्हीभर एकच शब्द दाखवला, 'फुल'. म्हणाल्या, "काका, हे वाचून फुलाच्या चित्राकडे बोट करा." ह्यांनी तो शब्द बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि तोंड फिरवलं. पुन्हा दाखवला. डोळेच मिटले.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काकू, वाचनही गेलं असावं. असं होतं कधी कधी. मन घट्ट करा."

ज्या माणसाने जन्मभर अक्षरांखेरीज काही बघितलं नाही, त्याची अक्षरंही नेलीस देवा? मग आत उरलं काय? मी कुणाला भरवते, कुणाला न्हाऊ घालते?

२१ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी न्हाणीघरात दोघं पडलो. ते माझ्यावर पडले म्हणून त्यांना लागलं नाही. मी ओल्या फरशीवर तशीच पडून होते. उठायचीच इच्छा होईना. ते 'आ, आ' करत होते आणि मी छताकडे बघत होते. शेवटी शिंपीणबाईला हाका मारल्या, ती आणि तिचे हे दोघांनी मिळून उठवलं. तिच्यासमोर ह्यांच्या अंगावर धड पंचाही नव्हता. ह्यांनी मान वर केली नाही.

आता दुपारचे अडीच. लिहू नये, पण लिहिते. देवा, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता तुझा आशिर्वाद म्हणून एकच मागते. सोडव ह्यांना. नाहीतर मला सोडव. दोघांतल्या एकाला कुणाला तरी

चार वाजता.

वरचं वाक्य अर्धं राहिलं. समोरच्या खोलीतून ओरडण्याचा आवाज आला. ह्यांचा आवाज! फोन मिटून ओट्यावर टाकला आणि धावले. खुर्चीत पुढे झुकले होते, चेहरा लालबुंद.

"काय हो? काय झालं?"

"दु... सरी," म्हणाले. स्पष्ट. "दुसरी!"

चार महिन्यांनंतर शब्द आला. मी देवाला हात जोडले. मग विचारलं, दुसरी काय? उशी? दुसरी उशी आणली, भिरकावली. दुसरी चादर? दुसरी गोळी? टीव्हीकडे हात करून पुन्हा तेच, "दुसरी." टीव्ही तर काळा. मी म्हटलं, दुसरी वाहिनी लावू का? तशी त्यांनी मान खुर्चीला टेकली आणि डोळे मिटून घेतले.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमना आनंद झाला. "काकू, शब्द आला! तीन अक्षरांचा! कशासाठी आला ते महत्त्वाचं नाही."

त्यांच्यासाठी नसेल.

लेक फोनवर म्हणाली, "अगं, सरळ आहे. काल तू पडलीस. बाबांना मदतीला दुसरी बाई हवी आहे."

शिंपीणबाई म्हणाली, "पुरुषाची जात, वहिनी! वाचा जाऊन आली तरी पहिला शब्द 'दुसरी'!" आणि इतकी हसली की टाचण्या तोंडातून पडल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर हसू आलं नाही. एक्केचाळीस वर्षं केलं. शेवटी मी पुरी पडत नाही, हेच ना ते सांगत आहेत? तेही खरंच आहे. मी नाहीच पुरी पडत.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कार्डं बघायला तयार नाहीत. माझ्या हातून घासही घेत नाहीत. चमचा हिसकावून डाव्या हाताने खातात, अर्धं अंगावर. ते धुवायचं मलाच.

मनात येतं, केंद्राला हो म्हणून टाकावं. तिथे उचलायला माणसं आहेत, अंघोळीला गरम पाण्याची सोय आहे. मी लेकीकडे एका खोलीत पडून राहीन, कुणी हाक मारणार नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण बरंही वाटतं. देव बघतो आहे, तर बघू दे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून कपाटावरच्या बॅगेकडे बोट. छापखान्याचे कागद हवे असतील म्हणून खाली काढली. तर कागद नकोत. खुंटीवरचा स्वतःचा सदरा डाव्या हाताने ओढला, चुरगाळून बॅगेत घातला. मग चष्म्याचं घर. मग टॉवेल.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

बॅगेवर हात ठेवून बसून राहिले. मी सगळं परत जागच्या जागी ठेवलं. अर्ध्या तासाने बघते तर सदरा पुन्हा बॅगेत. असा राग आला! म्हटलं, "मला कामं कमी आहेत म्हणून हे?" तर डोळ्यांतून पाणी. मी बॅग उचलून वर टाकली.

मॅडमना दोन ओळी पाठवल्या: शब्द एकच. भ्रम वाढतो आहे असं वाटतं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या तासाला ह्यांनी साथ दिली नाही. मॅडम दहा मिनिटांत गेल्या. परवा लेकीला हो-नाही सांगायचं. दुपारी इथे येऊन बसले आणि सुरुवातीसारखं पहिलं वाक्य लिहिलं, देवाचा आशिर्वाद असो.

"दुसरी!"

या वेळी धावले नाही. दमलेच होते. फोन हातात, तसाच उघडा, सावकाश समोरच्या खोलीत गेले.

टीव्हीवर माझं वाक्य होतं.

हातभर अक्षरांत. देवाचा आशिर्वाद असो. खाली रेघ लुकलुकत होती, फोनवर लुकलुकते तशी. मी फोनवर बोट सरकवलं, टीव्हीवरची अक्षरंही सरकली. मला आधी काही कळेना. ह्यांनी डावा हात लांब केला, एक बोट पुढे, आणि त्या शब्दातल्या 'शि'वर धरलं.

"दुसरी," म्हणाले. बोटाने हवेत वरून खाली ओढून दाखवलं, अक्षराच्या मागच्या बाजूने. "वे... वे..."

वेलांटी. दुसरी वेलांटी.

मी तिथेच उभ्या उभ्या पहिली वेलांटी पुसून दुसरी घातली. आशीर्वाद. ह्यांनी हात खाली घेतला. इतकं समाधान त्या चेहऱ्यावर मी चार महिन्यांत बघितलं नव्हतं.

आणि मग लक्षात आलं. म्हणजे सगळं. तेराव्या तारखेपासूनचं सगळं. साय. कंबर. किती कळतं कळत नाही, ते. केंद्र. बॅग! आणि बुधवारचं ते. मी फोन वर सरकवत गेले, थांबायला हवं होतं, पण बोट थांबेना. बुधवार आला. सोडव ह्यांना. टीव्हीभर.

मी खाली जमिनीवर बसले, त्यांच्या पायांशी.

"हे वाचलंत?"

मान हलवली. हो.

"तेव्हाच? मी लिहीत होते तेव्हा?"

हो.

"आणि त्यात तुम्हाला वेलांटी दिसली?"

खुर्चीचा दांडा धरून बसले होते.

"अहो, रागवा की. मी तुमचं मरण मागितलं. काहीतरी म्हणा."

ओठ हलायला लागले. मॅडम सांगतात तसं मी मध्ये बोलले नाही, शब्द पुरवला नाही. घड्याळात बघितलं नाही, पण बराच वेळ गेला. 'ब' आला. गेला. पुन्हा आला. गळ्याच्या शिरा ताणल्या.

"ब... रो... बर," म्हणाले.

टीव्हीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमना सगळं सांगितलं, गेल्या बुधवारचं सोडून. त्या म्हणाल्या, "काकू, लाल बटणाने फक्त माझा कॉल बंद होतो. टीव्हीची जोडणी वेगळी तोडावी लागते. मी सांगायला हवं होतं." मग ते 'फुल'चं कार्ड पुन्हा दाखवलं. ह्यांनी लगेच बोट धरलं. "दुसरा." मॅडमना अर्थ लागेना. मी सांगितलं, उकार म्हणताहेत, फू दीर्घ हवा. मॅडम म्हणाल्या, "अगं बाई! तीन वर्षं हेच कार्ड दाखवते आहे मी सगळ्यांना!"

उद्यापासून कार्डं बंद. मी टीव्हीवर मुद्दाम चुकवून लिहायचं आणि ते सुधारतील, असं ठरलं. मुद्दाम चुकायची मला गरज पडणार नाही.

लेकीचा फोन आला. म्हटलं, केंद्राला नाही कळव. ती रागावली. "आई, दोन शब्दांवर तू आयुष्य काढणार?" मी म्हटलं, तीन आहेत. मग म्हटलं, पण एकटीने काढणार नाही. सकाळी दोन तास उचलायला-अंघोळीला माणूस लागेल, आणि त्याचं तू बघायचं. मी एवढी वर्षं कुणाकडे मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?"

कुणाला सांगायचं असतं ते माहीत नव्हतं. देवाला सांगत होते.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी माणूस आला, जुना दवाखान्यातला वॉर्डबॉय, आता केस पिकलेला. ह्यांना एका झटक्यात उठवलं. मी बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकला. आत कुणी पडलं नाही.

मग दुपारी टीव्हीवर पाच ओळी लिहिल्या, ह्यांनी सात चुका काढल्या. पाच ओळींत सात! एक 'पहिली', तीन 'दुसरी', बाकीच्या नुसत्या बोटाने. नंतर थकून मान टाकली. मलाही पुढे लिहवेना.

आता जोडणी तोडून लिहिते आहे. कशी तोडायची ते मॅडमनी शिकवलं, निळ्या खुणेवर बोट ठेवायचं आणि 'थांबवा' म्हणायचं. समोरच्या खोलीतून ह्यांनी खुर्चीच्या दांड्यावर टकटक केली. पडदा काळा झाला असेल. मी इथूनच म्हटलं, "आहे हो, येते. दोन मिनिटं."

मी दमले आहे. फार दमले आहे. त्यांना ते माहीत आहे, लेकीला माहीत आहे, देवाला तर पहिल्यापासून. तरी एकदा कुणी वाचत नसताना लिहायचं होतं.